‘तंबाखू खाता का?’

‘तंबाखू खाता का?’ हा प्रश्न मी 143 गरोदर बायकांना विचारला होता. साल 1994. मी एमडीच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि माझ्या थिसिसचा विषय होता तंबाखू आणि बाळाचं जन्मवजन. दर सोमवारी आणि गुरुवारी गरोदर बायकांच्या ओपीडीत लाकडी बाकाच्या टोकाला बसायचं, छापून आणलेला फॉर्म मांडीवर घ्यायचा आणि एकेकीला विचारत जायचं. वय, कितवी खेप, जेवणात काय असतं, तंबाखू खाता का. बहुतेक जणी मान हलवून ‘नाही’ म्हणायच्या, मी ‘नाही’च्या चौकोनात खूण करायची. आठ महिन्यांत ‘हो’ म्हणणाऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या. मला वाटलं, चला, आपल्या भागातल्या बायकांमध्ये हे व्यसन फारसं नाही.

वजनकाट्यापाशी उभ्या राहणाऱ्या मावशी माझं विचारणं रोज ऐकत असत. एक दिवस ओपीडी आटोपल्यावर त्या म्हणाल्या, “मॅडम, खात नाहीत वो त्या. मशेरी लावत्यात.”

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखूच. सकाळी दातांना लावतात, काही जणी दिवसातून चार-चार वेळा लावतात. पण ती कुणी ‘खात’ नाही, आणि लावणारीच्या लेखी ते दात घासणं असतं. त्या बायका माझ्याशी खोटं बोलल्या नव्हत्या. मी जे विचारलं त्याचं त्यांनी खरं उत्तर दिलं होतं. पुढच्या ओपीडीत मी विचारलं, “दाताला काय लावता?” पहिल्या पाचांतल्या तिघी पदर तोंडाला लावून हसल्या.

आठ महिन्यांचे फॉर्म गेले. पुन्हा विचारायला त्या बायका होत्या कुठे? बऱ्याच जणी बाळंत होऊन आपापल्या गावी गेल्या होत्या. माझ्या गाइड सरांनी मला रागावून काही म्हटलं नाही. माझा मंजूर झालेला प्रस्ताव कपाटातून काढला आणि एका ओळीवर बोट ठेवलं : ‘माहिती प्रश्नावलीद्वारे गोळा केली जाईल.’ ही प्रश्नावली कुणाच्या बोलीत आहे, आधी किती जणींवर वापरून पाहिली, याबद्दल तिथे अवाक्षर नव्हतं. दहा बायकांशी अर्धा दिवस बोलले असते तरी मशेरी सापडली असती.

एमडी झाल्यापासून मी पीएसएम, म्हणजे प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक, शिकवते आहे, आणि संशोधनाचा प्रस्ताव या कागदाबद्दल मला फार आस्था आहे. चूक स्वस्तात सुधारता येते ती याच टप्प्यावर. एकदा माणसांनी रक्त दिलं, वेळ दिला, घरातली गोष्ट सांगितली, की मग ती परत घेता येत नाही.

या कागदाशी आपला काय संबंध, असं वाचकांना वाटेल. पण संबंध आहे. पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरला थिसिस करावाच लागतो आणि त्याचा प्रस्ताव, ज्याला आमच्याकडे सिनॉप्सिस म्हणतात, नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे पाठवावा लागतो. एमबीबीएसच्या मुलांसाठीसुद्धा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, दोन महिन्यांच्या संशोधनाची योजना 1979 पासून आहे. मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात तुम्ही किंवा तुमच्या घरचं कुणी कधी राहिलं असेल, तर एखाद्या तरुण डॉक्टरनं हातात फॉर्म घेऊन तुम्हाला प्रश्न विचारले असण्याची बरीच शक्यता आहे.

नवीन रेसिडेंट आले की दरवर्षी दारात तेच वाक्य ऐकू येतं, “मॅडम, टॉपिक द्या ना.” मी देत नाही. मी विचारते, या आठवड्यात वॉर्डात असं काय पाहिलंस, ज्याचा उलगडा झाला नाही? विषय उसना आणता येतो, प्रश्न आणता येत नाही. ‘मधुमेहाचा अभ्यास’ हा विषय झाला. ‘इन्सुलिन फुकट मिळत असूनही हे आजोबा दर दोन महिन्यांनी का ॲडमिट होतात?’ हा प्रश्न झाला. प्रश्न कोणता आहे त्यावरून संशोधनाचा प्रकार ठरतो. मुलं उलटं करतात. आधी प्रकार निवडतात, कारण मागच्या वर्षीच्या सीनियरनं तो केलेला असतो, आणि मग त्याला बसेल असा प्रश्न शोधत फिरतात.

प्रकार प्रश्नाच्या मागून कसे येतात, हे समजावताना मी मुलांना बिरवाडीला नेते, निदान गोष्टीतून तरी. रायगड जिल्ह्यातल्या महाड तालुक्यातलं हे गाव. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. हिंमतराव बावसकर तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करत होते. लाल विंचू चावलेली माणसं, त्यातही लहान मुलं, दगावत होती. पाठ्यपुस्तकात कामाचं फारसं काही नव्हतं. बावसकरांनी रुग्णांच्या उशाशी बसून टिपणं ठेवायला सुरुवात केली : घाम किती, हातपाय थंड कधी पडले, नाडी, रक्तदाब, छातीत पाणी कधी भरू लागलं. एका रुग्णाचं असं बारकाईनं लिहिलेलं टिपण म्हणजे केस रिपोर्ट. तशी अनेक जमली की केस सीरिज. संशोधनाच्या प्रकारांत याला सर्वांत खालची पायरी म्हणतात. मला ते ‘खालची’ म्हणणं पटत नाही, कारण ज्या आजाराचं नीट वर्णनच झालेलं नाही, तिथे वरच्या पायऱ्या उभ्या कशावर राहणार? विंचूदंशात हृदयावर घाला पडतो आणि त्याची लक्षणं आधीच ओळखता येतात, हे त्या टिपणांतून पुढे आलं आणि 1982 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे औषध इथे उपयोगी पडेल हा विचारही त्याच निरीक्षणांतून आला, त्यावरचा लेख 1986 चा.

गोष्ट इथे संपत नाही. पुढे विंचवाच्या विषावरचं प्रतिविष उपलब्ध झालं आणि प्रश्न बदलला. आता प्रश्न असा की, प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिलं तर नुसत्या प्राझोसिनपेक्षा रुग्ण लवकर बरा होतो का? याला टिपणं पुरत नाहीत. डॉक्टरनं स्वतःच ठरवलं की याला प्रतिविष द्यायचं आणि याला नाही, तर नकळत जास्त गंभीर रुग्णाला प्रतिविष जाईल, किंवा उलटं होईल, आणि मग फरक प्रतिविषामुळे पडला की मुळातल्या आजारामुळे, हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून कुणाला काय मिळणार हे चिठ्ठीवर सोपवायचं. याला आम्ही आरसीटी म्हणतो. डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावसकरांनी 70 रुग्णांचे असे दोन गट केले, प्रत्येकी 35 चे. दहा तासांनंतर प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेल्यांपैकी 32 जण पूर्ण बरे होते, नुसतं प्राझोसिन मिळालेल्यांपैकी 8. हा लेख 2011 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. आजार एक, डॉक्टर तेच, तालुका तोच. प्रश्न बदलला तशी पद्धत बदलली.

दुसरं उदाहरण गडचिरोलीचं. तिथे प्रश्न होता, गावातल्या किती बायकांना स्त्रीरोग आहेत? दवाखान्यात येणाऱ्या बायका मोजून याचं उत्तर मिळत नाही, कारण बाई दवाखान्यात येतच नाही. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. 92 टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक विकार आढळले आणि तपासलेल्यांपैकी जेमतेम 8 टक्के बायकांची याआधी कधी अशी तपासणी झाली होती. 1989 चं हे काम क्रॉस-सेक्शनल प्रकारचं. एका वेळी, एका लोकसंख्येत, काय आहे ते मोजायचं. कारण काय, उपाय काय, हे त्यातून सिद्ध होत नाही, आणि प्रस्तावात तसा दावाही करायचा नसतो. उपायाचा प्रश्न आला तेव्हा त्याच जिल्ह्यात वेगळी पद्धत आली. 39 गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेत होत्या, 47 गावांत नेहमीची व्यवस्था होती. पहिल्या गावांत हजारी 62 असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी पंचविशीवर आला आणि दुसऱ्या गावांत तो साठच्या आसपासच राहिला. इथे गावं चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती, म्हणून याला आरसीटी म्हणता येत नाही. गावांत केलेल्या अशा प्रयोगाला फील्ड ट्रायल म्हणतात. घरोघरच्या या बाळसेवेचं तत्त्व पुढे सरकारनं आशा सेविकांच्या कामात आणलं.

मशेरीचंही उत्तर मिळालं, पण माझ्याकडून नाही. मुंबईत डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन गरोदर बायका शोधल्या, तंबाखू कोणत्या रूपात घेतात ते नीट विचारलं आणि बाळंतपणापर्यंत त्यांचा माग ठेवला. 1217 बायका. तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी 105 ग्रॅमनं कमी भरलं. 2004 साली तो लेख वाचताना मला माझा लाकडी बाक आठवला. आधी कारण नोंदवायचं आणि मग काय होतं त्याची वाट पाहायची, या प्रकाराला कोहॉर्ट म्हणतात. पैसा आणि वेळ खूप लागतो, म्हणून दोन वर्षांच्या थिसिसला तो झेपतोच असं नाही. मग मुलं केस-कंट्रोलकडे वळतात, म्हणजे आजारी आणि निरोगी असे दोन गट घेऊन मागे काय घडलं ते विचारायचं. 1950 साली लंडनमध्ये डॉल आणि हिल यांनी फुफ्फुसाच्या कॅन्सरचे 709 रुग्ण आणि तितकेच दुसरे रुग्ण घेऊन सिगारेटचा संबंध दाखवला तो असाच. यात धोका आठवणीचा असतो. ज्या आईचं बाळ अशक्त निघालं, ती मागचं सगळं खोदून खोदून आठवते. धडधाकट बाळाची आई तितकं आठवत नाही.

आता प्रस्तावाच्या पानांकडे येते. शीर्षक, पार्श्वभूमी, आधीच्या संशोधनाचा आढावा, उद्दिष्टं, पद्धत, विश्लेषण, नैतिक बाजू, वेळापत्रक, खर्च. ही यादी कुठल्याही पुस्तकात मिळते, त्यावर मी वेळ घालवणार नाही. माझं लाल पेन अडतं ते दोन-तीन ठिकाणी.

एक म्हणजे सॅम्पल साइझ, अभ्यासात किती जणांना घ्यायचं तो आकडा. दोन वर्षांपूर्वी लातूरकडची एक रेसिडेंट ग्रामीण बायकांमधल्या ॲनिमियाचा प्रस्ताव घेऊन आली. आकडा लिहिला होता 100. शंभरच का, विचारलं तर म्हणाली, सगळे शंभरच घेतात. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि कोरा कागद दिला. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांमध्ये ॲनिमिया 54 टक्के आहे. म्हणजे असलेल्या 54, नसलेल्या 46. या दोघांचा गुणाकार करायचा, त्याला 4 नं गुणायचं, आले 9936. आता आपल्या उत्तरात किती मागेपुढे झालेलं चालेल ते आपणच ठरवायचं. पाच टक्के म्हटलं तर पाचाचा वर्ग 25, त्यानं भागलं की 398 बायका लागतात. दहा टक्के चालत असेल तर शंभरानं भागायचं, म्हणजे 100 पुरतात. तिचा आकडा बरोबर आला होता! पण मग तिचं उत्तर येणार होतं ‘44 ते 64 च्या मधे कुठेतरी’. तेवढं तर आजच ठाऊक आहे. त्यासाठी शंभर बायकांच्या बोटाला सुई कशाला टोचायची? हे ऐकल्यावर ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली.

मग मी तिला गावात पाठवलं, काहीही न मोजता नुसतं बोलून ये म्हणून. ती परत आली तेव्हा तिच्या मोबाइलमध्ये एका पत्र्याच्या डब्याचा फोटो होता. डब्यात लोहाच्या लाल गोळ्यांच्या न फोडलेल्या पट्ट्या. सरकारी कार्यक्रमाप्रमाणे गरोदरपणात 180 दिवस रोज एक गोळी घ्यायची असते. गोळ्या आशाताईंनी वेळेवर पोचवल्या होत्या, बाईनं नीट जपूनही ठेवल्या होत्या. “घेतल्या की मळमळतं, शी काळी होते, आणि सासू म्हनती पोर काळं निघंल,” ती बाई म्हणाली होती. त्या डब्यानं प्रश्न पालटला. ॲनिमिया किती, याऐवजी गोळी हातात असून पोटात का जात नाही? याचं उत्तर टक्केवारीत येत नाही. त्यासाठी बायकांशी, सासवांशी, आशांशी निवांत, मोकळं बोलावं लागतं, ते शब्दशः लिहून काढावं लागतं आणि त्यातले धागे शोधावे लागतात. याला गुणात्मक संशोधन म्हणतात. आमच्या क्षेत्रात याला अजून कमी लेखलं जातं आणि त्याचा मला मनापासून त्रास होतो. गोळीच्या कारखान्यापासून त्या डब्यापर्यंतचा प्रवास आकड्यांनी मोजता येतो. डब्यापासून तोंडापर्यंतचा प्रवास समजायला त्या बाईचं ऐकून घ्यावं लागतं.

दुसरी जागा प्रश्नावलीची. पायलट केल्याशिवाय, म्हणजे प्रश्नावली आधी थोड्या जणांवर वापरून पाहिल्याशिवाय, मी सही करत नाही, यामागचं कारण आता सांगायला नको. सोबत रिकामे तक्तेही मागते. शेवटी जो तक्ता थिसिसमध्ये छापायचा आहे तो आजच आखून आण, आकडे रिकामे ठेव. तक्ता आखता आला नाही, तर काय मोजायचंय हेच अजून ठरलेलं नाही असं समजायचं. या एका सवयीनं निम्मे अनावश्यक प्रश्न फॉर्ममधून गळून पडतात.

तिसरी जागा नैतिकतेची, आणि इथे मी कुणालाही घाई करू देत नाही. उस्मानाबाद जिल्ह्यात, आजच्या धाराशिवमध्ये, 1999 पासून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर एक मोठा प्रयोग झाला. सव्वा लाखाहून अधिक स्त्रिया, चार गट. तीन गटांना तपासणीच्या तीन वेगवेगळ्या पद्धती, चौथ्या गटाला नेहमीची व्यवस्था, म्हणजे प्रत्यक्षात तपासणी नाहीच. एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी केलेल्या गटात मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे 2009 साली जाहीर झालं आणि जगभरच्या धोरणांत त्याचा विचार झाला. पण चौथ्या गटातल्या बायकांचं काय, हा प्रश्न पुढे तीव्रपणे विचारला गेला. प्रयोग करणाऱ्यांचं म्हणणं होतं की त्या वेळी तिथे तपासणीची व्यवस्थाच नव्हती, त्यामुळे कुणाचं काही काढून घेतलेलं नाही. टीकाकारांचं म्हणणं होतं की तपासणीनं जीव वाचतात हे जगाला आधीच ठाऊक होतं. हा वाद मी वर्गात दर वर्षी मांडते. माझं मत असं की ‘इथे तसंही काही मिळत नाही’ हे कारण संशोधकानं कधी पुढे करू नये, कारण जिथे काही मिळत नाही तिथलीच माणसं प्रयोगासाठी सर्वांत सहज उपलब्ध असतात.

आता नियम बरेच कडक आहेत. औषध किंवा उपचाराच्या चाचण्यांची नोंद भारताच्या चाचणी नोंदवहीत, सीटीआरआयमध्ये, करावीच लागते. ही नोंदवही 2007 साली सुरू झाली आणि 2009 पासून नोंद सक्तीची आहे. आयसीएमआरची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, 2019 चे औषध चाचणी नियम आहेत. प्रत्येक प्रस्ताव एथिक्स कमिटीपुढे जातो. या समितीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा लागतो आणि डॉक्टरांबरोबर कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य माणूसही असावा लागतो. ती सामान्य माणसाची खुर्ची मला सर्वांत मोलाची वाटते. आमच्या समितीत एक निवृत्त शाळामास्तर होते. संमतीपत्र ते मोठ्यानं वाचायचे आणि ‘यादृच्छिकीकरण’सारख्या शब्दाशी थांबून म्हणायचे, “हे माझ्या वहिनीला कळणार नाही.” शब्द बदलला जाई : ‘तुम्हाला कोणतं औषध मिळेल हे चिठ्ठी काढून ठरेल.’

वाचकहो, म्हणून तुम्हाला एक विनंती. वॉर्डात किंवा ओपीडीत एखादा तरुण डॉक्टर फॉर्म घेऊन आला तर त्याला हाकलू नका. तो शिकतोय आणि तुमच्या उत्तरांवाचून त्याला शिकता येणार नाही. पण सहीआधी त्याला विचारा, तुम्हाला नेमकं काय शोधायचंय? ते साध्या मराठीत त्याला सांगता आलं पाहिजे. नाही म्हटलं तरी तुमच्या उपचारात फरक पडत नाही, आणि हो म्हटल्यावर मधेच थांबायचाही तुम्हाला हक्क आहे. संमतीपत्राची प्रत मागून घ्या, त्यावर संपर्काचा फोन नंबर असतो. आणि त्यानं विचारलेला एखादा प्रश्न तुमच्या घरच्या बोलीत वेगळ्या शब्दानं विचारायला हवा असं वाटलं, तर त्या मावशींसारखं त्याला तिथल्या तिथे सांगा.